पूर्वरंग

पूर्वरंगातला बुवांचा उपदेश चुकू नये म्हणून पुष्पलताबाई कीर्तनाला लेकाच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीतून निघाल्या.

"आई, स्पोर्ट मोड टाकलाय. दहा मिनिटांत गोडदेवचं देऊळ," भूपेश म्हणाला.

पुढे नुसता ट्रॅफिक. गाडी वीतभर सरकायची, इंजिन डरकाळी फोडायचं आणि शेजारच्या रिक्षावाल्याला भूपेशची शिवी जायची. अर्ध्या तासात दोन बिल्डिंगा मागे पडल्या. मग समोर लाल अक्षरं उमटली.

"काय म्हणतेय रे गाडी?"

"गिअरबॉक्स तापलाय. म्हणतेय, थांबा, थंड होऊ द्या."

पुष्पलताबाईंनी पदर सावरून दार उघडलं.

"बुवा तरी याहून वेगळं काय सांगणार होते? पूर्वरंग इथेच झाला. तू हो थंड, मी चालत उत्तररंगाला जाते."