आदर्श वाफा

शाळेच्या परसबागेत उभं राहून शिक्षणाधिकारी साहेबांनी आदर्श शिक्षक पुरस्काराचा अर्ज मोठ्यानं वाचला. ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान : अभ्यासक्रम पुस्तकात नसतो, मातीत असतो. मूल पेरते आणि शिकते.’ शेवाळे गुरुजींनी विनयानं हात जोडले. हा विनय त्यांनी तीनदा पुरस्कार हुकल्यापासून नियमित जोपासला होता. वाफ्यातली मेथी मात्र आज सकाळीच उगवली होती, तीही एकदम वीतभर.

“वा! काय शिकलीस गं यातून?” साहेबांनी चौथीतल्या रेवतीला विचारलं.

“बाजारात जुडी मुळांसकट बघून घ्यायची, साहेब. मग खोचली की दुपारपर्यंत मान टाकत नाही.”

मेथीच्या आधी गुरुजींनीच मान टाकली. साहेब वाकले. त्यांनी एक रोप उपटलं, तर अख्खी जुडी दोऱ्यासकट हातात आली. आता आणखी एक वर्ष विनय करावा लागणार, हे गुरुजींनी ओळखलं.

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

“असा आळस करू नका हो, गुरुजी. मला पुरस्कार मिळाला, त्या वर्षी आम्ही कोथिंबीर लावली होती. दोरा सोडून, एकेक काडी.”