गोंडेवाली पलटण

“उजव्या मांडीला आतून खिसा पाहिजे. गुडघ्यापर्यंत,” जेरामभाई म्हणाले.

वना शिंप्याने टेप हातात धरली ती धरलीच. निम्म्या खानदेशातल्या बँडवाल्यांना त्यानेच कपडे चढवले होते. पिंपळनेरपासून धरणगावपर्यंत कुठल्याही वरातीतल्या तांबड्या कोटाची कॉलर उलटली, की आत ‘वना टेलर, धुळे’ अशी पट्टी निघायची. पण गुडघ्यापर्यंतचा खिसा आजवर कोणी मागितला नव्हता.

“खिशात काय ठेवणार, शेठ?”

“ते मग पाहू. पँट जरा ढगळ ठेवा. कोटाला सोनेरी गोंडे. चाळीस जोड.”

“आणि बँडचं नाव कोणतं घालायचं?”

“बँड?” जेरामभाई हसले. “वनाभाई, हे लष्कर आहे. आमच्या देशाचं.”

देश म्हणजे समुद्रातलं एक बेट होतं. जेरामभाईंचे पणजोबा सुरतेहून तिथे कापड विकायला गेले आणि राहिले. घरात अजून गुजराती होती आणि वनाला ती कळायची. नंदुरबारकडची त्याची निम्मी गिऱ्हाइकं तीच बोलत.

“चाळीसच माणसं?”

“देश लहान आहे. लहान देशानं तोफा घेऊ नयेत. तोफ घेतली की गोळे लागतात. गोळे घेतले की शत्रू लागतो. आमच्याकडे शत्रू ठेवायला जागा नाही. त्यापेक्षा कपड्यावर खर्च करावा.”

“सरकार देतं पैसे?”

“खोबऱ्याचे चार व्यापारी देतात. सरकारला विचारत बसलं, तर लहान देशात लष्कर उभंच राहत नाही.”

वनाने मान हलवली. कॉलरमधली आपल्या नावाची पट्टी गाळू का, असं त्याने आपणहून विचारलं.

“छे, राहू द्या. बँडच्या शिंप्याचं नाव असलेलं बरं.”

पाहुणे गेले तशी पडद्यामागून वनाची बायको भागाबाई बाहेर आली. “हाऊ माणूस माले बरा दिखस नही,” ती म्हणाली. “लष्करले गोंडा काबर लागतस? दरोडा पडी एक दिन. आन् कॉलरमा नाव कोणं निंघी? तुमनं.”

वनाला खाकीवाला शिंपी आठवला. मागच्याच हिवाळ्यात नरडाण्याजवळ खाकी कपडे घालून आलेल्या टोळीने एक घर लुटलं होतं. टोळी सापडली नाही. खाकी शिवणारा शिंपी सापडला. तो सुटून आला, पण पुढे त्याच्याकडे कोणी पायजमासुद्धा टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार सुकदेव दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसले. वनानेच बोलावलं होतं. जेरामभाई मापाला आले, तेव्हा सुकदेवांनी आधी चहा पाजला आणि मग पासपोर्ट मागितला. पासपोर्ट ठीक होता. सुकदेवांना तेच आवडलं नाही.

“चाळीस माणसांचं लष्कर,” ते म्हणाले. “आमच्या पोलीस लाइनीत गणपतीच्या आरतीला याच्यापेक्षा जास्त जमतात, शेठ. बंदुका कुठे आहेत?”

“तुम्हाला इथे एक तरी दिसते का?”

“नाही. म्हणून तर विचारतो. आणि हा खिसा? तलवारीला?”

जेरामभाईंनी बशी खाली ठेवली. मग ओशाळून त्यांनी पिशवीतून क्लॅरनेट काढली आणि वरातीतलं एक गाणं वाजवलं. बरं वाजवलं. समोरच्या पानवाल्याने मान डोलावली.

“बँडच आहे, साहेब,” ते म्हणाले. “आमच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलीचं लग्न आहे. बेटावर बँड नाही. इथे खरं सांगितलं असतं, तर तुमचे सगळे बँडमास्तर परदेशी न्या म्हणून लॉजवर आले असते. लष्कर म्हटलं की कोणी येत नाही.”

सुकदेव इतके हसले की टोपी काढावी लागली.

“खिशात क्लॅरनेट राहते. हात मोकळे राहतात,” जेरामभाई म्हणाले. “एक विचारू? तुमच्याकडे लग्नात दारावर बँडला अडवतात का?”

“बँडला?” सुकदेव खुलले. “एका मंत्र्याच्या घरचं लग्न होतं. बंदोबस्ताला मी होतो. आमदाराची पत्रिका दोनदा पाहिली मी. बँड आला, हात वर केला आणि सोडला आत. वरपक्षाला वाटतं वधूकडचा, वधूपक्षाला वाटतं वराकडचा. वाजंत्र्याला कोण विचारतो?”

“आमच्याकडेही तसंच असेल,” जेरामभाई म्हणाले, आणि दुसरा चहा त्यांनी पाजला.

वना त्या दिवसापासून नीट जेवू लागला. भागाबाई मात्र काज करता करता थांबायची.

“चाळीस पँटले चाळीस खिसा,” ती म्हणाली. “ढोलवाला खिसामा काय ठेवी? ढोल?”

“काड्या ठेवी,” वना म्हणाला आणि मशीन जोरात चालवलं.

गणवेश वेळेवर गेले. लग्नसराई संपली.

आषाढात एका सकाळी सुकदेव दुकानात आले. बाकड्यावर बसले, पण चहा मागितला नाही. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र कापायच्या टेबलावर पसरलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं.

भल्यामोठ्या खुर्चीत जेरामभाई बसले होते. अंगात तांबडा कोट होता, गोंडे झकास पडले होते. वनाने आधी कॉलर पाहिली. कॉलरचं बटण लावलेलं होतं.

“बातमी वाचा ना,” भागाबाई म्हणाली.

वनाने वाचलं. बेटावरच्या लग्नघराचं दार पहारेकऱ्यांनी आपणहून उघडलं होतं, आत शिरताच खिशांतून बंदुका बाहेर आल्या होत्या, आणि चाळीस वाजंत्र्यांपैकी क्लॅरनेट फक्त नव्या राष्ट्राध्यक्षांच्या खिशात निघाली होती.