मसाजीची थोरली

एकेचाळीस साली धाकट्या रुखमाला बघायला औंढ्याहून पाव्हणे आले, तेव्हा तिच्या बापानं, मसाजीनं, थोरल्या कौतिकाला आतल्या खोलीत कोंडलं. कौतिका बोलत नसे, बसल्या जागी डोलत गुणगुणत राही. गाव तिला येडी म्हणे. "आत कोण गुणगुणून राहिलं?" पाव्हण्यानं विचारलं. "कोनी न्हाई," मसाजी म्हणाला. रुखमा घोंगडीवरून उठली. तिनं कडी काढली, बहिणीला हाताला धरून आणलं आणि आपल्याजवळ बसवलं. "ही माही बहीण. बोलत न्हाई, पर येडी न्हाई." "असली सोयरीक नको," म्हणत पाव्हणे उठले. मसाजीनं रुखमाकडं बघितलं. तिची मान ताठ होती. मग कौतिकाचा हात धरून तो पाव्हण्यांमागं भर गल्लीतून वेशीकडं निघाला. शेजारी दारात आले. "मसाजी, हिला काहून बाहेर आणलं?" "काहून म्हंजे? पाव्हण्यांना वाटं लावायला घरची थोरली नको का?"