घोडा झाला मंत्री

"घोड्याला मंत्री करायला निघालेला माणूस," रावसाहेब म्हणाले, "आणि भरल्या दरबारात एकाच्याही तोंडून निघालं नाही, की महाराज, घोडा आहे तो."

नवी कवळी हिरड्यांना घासत होती, म्हणून सकाळपासून ती वाटीतल्या पाण्यात पडून होती. तोंडाचं बोळकं झालं तरी बोलण्यातला तुच्छपणा काही कमी झाला नव्हता. तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. जगातले झाडून सगळे सम्राट त्यांनी शनिवार पेठेतल्या या दिवाणखान्यात बसून उताणे पाडले होते. कुणी दाढीवर कर बसवला, कुणी कॅलेंडरातल्या महिन्याला आपल्या आईचं नाव दिलं. "भिकार माणसं," ते म्हणत.

नीरजा बाळाचं टोपडं शिवत ऐकत होती. आप्पांचे, म्हणजे तिच्या सासऱ्यांचे, सगळे सम्राट लांबचे, तिला वाटलं. या घरात त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. त्यांच्या आधी कुणी जेवत नसे. तसं करू नका असं त्यांनी सांगितलेलं मात्र कुणाला आठवत नव्हतं. तिच्या नवऱ्याने, पुष्करने, नवी गाडी घेतली, तीसुद्धा पांढरी. का, तर आप्पा एकदा म्हणाले होते, लाल गाड्या नाटक कंपनीच्या असतात.

बारसं उद्यावर आलं होतं. पाळणा आला होता, आणि वाघोलीहून नणंद उत्कर्षाही. कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

"विश्वजीतच ना?" तिने विचारलं. "नाहीतर ऐनवेळी गोंधळ नको."

"वाटीवर कोरूनसुद्धा आणलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चांदीची वाटी पुढे केली. "यांनीच सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. बाळ दवाखान्यातून घरी आलं, त्या संध्याकाळी ते एवढं रडलं की पुष्कर खुळखुळा वाजवत होता, सासूबाई निरांजन ओवाळत होत्या आणि कामाच्या वेणूबाई पोळ्या सोडून टाळ्या पिटत होत्या. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता आप्पा म्हणाले होते, "विश्वजीत नाव ठेवा याचं. सगळी प्रजा पायाशी लोळतेय." दुसऱ्या दिवशी सासूबाई सराफाकडे गेल्या.

"मला आनंद ठेवायचं होतं," नीरजा म्हणाली.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं.

"अगं, पण..." पुष्करने सुरुवात केली आणि वडिलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" रावसाहेब म्हणाले. "मी काय झार आहे? मत घ्या. गुप्त."

कुणी हसलं नाही.

नियम त्यांनीच सांगितले. प्रत्येकाला एक शेंगदाणा, एक फुटाणा. शेंगदाणा विश्वजीतचा, फुटाणा आनंदचा. एकेकाने स्वयंपाकघरात जायचं, एक डब्यात टाकायचा आणि दुसरा खाऊन टाकायचा. "म्हणजे पुरावाच उरणार नाही. कुणाला कुणाची भीती नको."

"अहो, पण तुम्हाला चावणार कसा?" सासूबाई म्हणाल्या.

"राजाच्या दातांची चिंता रयतेने करू नये."

ते पहिले गेले आणि हात झटकत आले. मग सासूबाई, उत्कर्षा, पुष्कर. कुणी आत फार थांबलं नाही.

नीरजा शेवटी गेली, बाळाला खांद्यावर घेऊन. त्याच्या मानेला दुधाचा आणि वेखंडाचा वास येत होता. नऊ महिने ती त्याला आनंदच म्हणत आली होती. बस खड्ड्यात आदळली की पोटावर हात ठेवून, "आनंदा, घट्ट धर रे." डोहाळे लागले तेव्हा, "आनंदा, आता चिंच बास." एकदाच काय ते मागत होती ती या घराकडे. तिने मूठ उघडली. दोन्ही दाणे तळहाताला चिकटले होते.

बाहेर आप्पा खाकरले.

नीरजाने डब्यात हात घातला, उरलेला तोंडात टाकला आणि बाहेर आली.

उत्कर्षाने डबा ताटलीत उपडा केला. चार शेंगदाणे आणि एक फुटाणा.

सगळ्यांनी नीरजाकडे पाहिलं. पुष्करने लगेच मान खाली घातली. उत्कर्षा तिच्या कानाशी लागली, "धाडस केलंस हं वहिनी. मला नसतं झालं बाई."

नीरजाने बाळाचं टोपडं सारखं केलं.

रावसाहेब बराच वेळ ताटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एरवी ही नजर दरबाऱ्यांसाठी राखलेली असे.

"वा," ते म्हणाले. "घोडा झाला मंत्री."

आणि उठून आतल्या खोलीत गेले.

"दुखावलंस ना त्यांना?" सासूबाई नीरजाला म्हणाल्या. "काय मिळालं एक फुटाणा टाकून?"

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. बायकांनी पाळणा म्हटला. उत्कर्षाने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि सांगितलं, विश्वजीत. सगळ्या म्हणाल्या, नाव कसं भारदस्त आहे. रावसाहेब नातवाजवळ वाकून म्हणाले, "जिंकलंत, महाराज. लढाईसुद्धा झाली नाही." पाहुण्या हसल्या. नीरजाने घुगऱ्या वाटल्या. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या सिंहासनांवर थुंकत आला, तिच्या मनात आलं, आणि एवढंसं नाव सोडवलं नाही त्याला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तिने मशीन लावायला घेतलं. सवयीने सगळ्यांचे खिसे चाचपले. रावसाहेबांच्या कालच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी हाताला लागलं. तिने ते काढून दिव्याखाली धरलं.

शेंगदाणा. अख्खा, सालासकट.

कालच्या फुटाण्याचा तुकडा अजून तिच्या दाढेत अडकलेला होता.