खालच्या ओळी

खांबेट्यांनी नव्या डिस्कवर उतरवलेला एकेक सिनेमा जुन्या डिस्कशी ताडून पाहिला आणि मगच जुनी डिस्क स्वतःच्या हाताने पुसून टाकली. संध्याकाळी टीव्हीवर चित्र लख्ख आले. त्याखालच्या मराठी ओळी मात्र आल्या नाहीत.

ऐकू येत नसलेल्या पत्नीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे संवाद ऐकून त्या ओळी टाइप केल्या होत्या. त्या ओळींचा फोल्डर वेगळा होता, तो नव्या डिस्कवर उतरलाच नव्हता, आणि पडताळणी फक्त सिनेमांचीच झाली होती.

ते तिच्यासमोर बसले. "सगळ्या पुन्हा लिहितो," ओठ सावकाश हलवत ते म्हणाले.

"लिहा की," ती म्हणाली. "मी वाचत नव्हतेच कधी. पण तुम्ही आतल्या खोलीत टाइप करत बसलात, की मला जरा सुटल्यासारखं वाटायचं."

खांबेटे उठले.

"आणि जाताना दार ओढून घ्या."