मुद्दाम ठेवलेली फट

अर्धांगाचा झटका आल्यापासून आजोबांच्या तोंडून, ‘नाही’ म्हणायचं असलं तरी, ‘हो’ एवढंच निघायचं. थंडीचा वारा येतो म्हणून पलंगाशेजारच्या भिंतीतली उभी फट सुनेने गवंडी बोलावून सिमेंटने बुजवायला काढली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताची बोटं आत खुपसली. ही फट त्यांनीच आखलेली. “साहेब, तुम्ही इंजिनिअर ना? खाली पाया सलग, मग वरच फट कशाला?” गवंड्याने विचारलं. जमिनीखाली ऊन पोचत नाही म्हणून पाया सलग चालतो; वर भिंती उन्हाळ्यात फुगतात, जागा नसली की फुटतात, हे त्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलेलं. “बुजवू ना?” गवंड्याने पुन्हा विचारलं. “हो! हो!” आजोबा जिवाच्या आकांताने ओरडले. सुनेने हसून त्यांची बोटं सोडवली. संध्याकाळी ती पाळणा ओढत आली. “बाबा, आता वारा बंद. बाळाला इथेच निजवू ना?” आजोबांनी ओठ गच्च मिटले. “रुसलात?” म्हणत तिने पाळणा भिंतीला टेकवला.