ओली मेंदी

वाशीमजवळच्या कर्णबधिर मुलींच्या निवासी शाळेत सपनाने आजही जेवणाचं ताट भिरकावलं. मारकुटी पोर म्हणून तिला पंगतीतून उठवून भिंतीकडे तोंड करून बसवायचे. ती चवताळून हातवारे करू लागली की सांभाळणारी पंचफुलामावशी तिची मनगटं घट्ट धरून ठेवायची, पार शांत होईस्तोवर. “धर ना तिले!” स्वयंपाकीण ओरडली. “कशी धरू? मेंदी वली हाय ना.” भाचीच्या लग्नाची मेंदी तळहातांवर काढली होती. नाइलाजाने मावशी नुसती बघत राहिली, आणि सपनाचे हात पहिल्यांदाच खुणांच्या भाषेत पूर्ण बोलले: ‘भिंतीला हात नाहीत. जेवताना मी कुणाशी बोलू?’ “काय म्हणून राह्यली वं?” स्वयंपाकिणीने विचारलं. “मीच रोज पोरीचं तोंड दाबून राह्यली होती,” मावशी हळूच म्हणाली. त्याच ओल्या हातांनी तिने ताट उचलून पंगतीत मांडलं. काठावर मेंदीची बोटं उमटली.